दुकानातली डोमकळी

मारेगावच्या बसस्टँडपासून चार दुकानं सोडून साकेतचं कृषी केंद्र आहे. हा गडी पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, बियाणं विकतो, पऱ्हाटीची औषधं विकतो, पऱ्हाटीवर अर्धा अर्धा तास भाषण देतो, आणि पऱ्हाटीचं फूल काही त्याला ओळखता येत नाही. कोणाला खरं वाटणार नाही. वर्षा पेंटरलाही आधी वाटलं नव्हतं. पण तिच्या आईसोबत त्या दुकानात जे झालं ते भर दुपारी, दहा गिऱ्हाइकांसमोर झालं, त्यामुळे खोटं म्हणायला जागाच नव्हती.

झालं असं. पऱ्हाटी दोन महिन्यांची झाली की फुलावर येते. चांगलं फूल सकाळी मोकळं उघडतं, फिकट पिवळं, थेट भेंडीच्या फुलाच्या वळणाचं, आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. पण त्यात गुलाबी बोंडअळी शिरली की ती पाकळ्या आतून धाग्यानं शिवून टाकते. मग ते फूल उघडतच नाही. पीळ पडल्यासारखं, टोकाशी आवळलेलं राहतं, अगदी गुलाबाची कळी म्हणून कोणी केसात खोवावं असं. त्याला डोमकळी म्हणतात. दिसली की दोन बोटांनी पिळून तोडायची आणि जाळायची, हे इकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही सांगावं लागत नाही.

वर्षाची आई सत्यभामा आपल्या चार एकरांत रोज सकाळी तेच करत होती. आधी वाटीभर निघाल्या, मग डबाभर. साकेतनं बियाणं देताना छातीठोक सांगितलं होतं की या वाणाला अळी शिवतच नाही. आणि पावती दिली होती कच्ची, नुसतं नाव आणि 'तीन बॅग' लिहिलेली. तालुक्याच्या कृषी कार्यालयानं सत्यभामेला सांगितलं, बाई, पक्की पावती आणा, तिच्यावर लॉट नंबर पाहिजे, तेव्हाच तक्रार घेऊ आणि पंचनाम्याला माणूस पाठवू. पीक उभं आहे तोवरच पंचनामा होतो, तेव्हा घाई करा, असंही सांगितलं. म्हणून ती डोमकळ्या पदरात बांधून साकेतच्या दुकानात गेली. ही तिची तिसरी खेप होती.

साकेतनं दोन कळ्या हातात घेतल्या, उलट्यासुलट्या फिरवल्या आणि म्हणाला, मावशी, मस्त कळ्या आल्यात की, उद्या-परवा फुलल्या असत्या, उगाच तोडल्या. यात अळी कुठे आहे? तुम्ही लोक फवारणी वेळेवर करत नाही आणि नावं बियाण्याला ठेवता. अळीच नाही तर पावती कशाला? गिऱ्हाईकं फरशीकडे पाहत राहिली. डोमकळीचा फोटो असलेला सरकारी कागद त्याच दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेला होता, पण त्याच्यापुढे फवारणी पंपांचा स्टँड उभा केलेला होता. सत्यभामेनं कळ्या परत पदरात बांधल्या आणि ती बाहेर पडली.

वर्षाला हे कळलं तेव्हा तिचा आधी भडका उडाला तो आईवरच. कायले गप राहिलीस? जिभेले काय झालं होतं? त्याच्यासमोर कळी फाडून अळी दाखवायची होती, टेबलावर सोडायची होती. मजुरासमोर तुझा आवाज दोन शेतांवर जाते आणि त्या पोरासमोर बसला?

सत्यभामा भाकर थापत होती. ती थांबली नाही, फक्त म्हणाली, "त्यानं हातात घेऊन पाह्यलं व माय. हातात घेऊन. अन् त्याले दिसली नाई. फाडून दाखवली असती तं म्हणला असता, तूच टाकली अळी आतमधी."

हे ऐकून वर्षाचा राग आणखी चढला. ती रात्रभर धुमसली. तिला राग पावतीचा होताच, पण त्याहून जास्त त्या 'मस्त कळ्या'चा होता.

वर्षाचा मारेगावातच एक गाळा आहे. पाट्या रंगवते, शाळांच्या भिंती रंगवते, थेट नेरपर्यंत तिनं बोलक्या भिंती केल्या आहेत. गावच्या विहारात मूर्तीमागचा बोधिवृक्ष तिच्याच हातचा. फ्लेक्स आल्यापासून पाट्या कमी झाल्या, पण फोटोवरून गेलेल्या माणसांची तैलचित्रं अजून लोक करून घेतात, कारण आजोबांना फ्लेक्सवर टांगायला अजून कोणाचं मन होत नाही. तैलरंग तिला यवतमाळच्या पूनमसिंग पेंटरनं शिकवला. तो म्हातारा फार शिव्या द्यायचा आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. आत जे आहे ते आधी रंगव, मग वरून झाक. बाईच्या अंगावर लुगडं रंगवायचं तर आधी खांदा रंगव. झाकलेलं कोणाला दिसत नाही, पण नसलं की सगळ्यांना कळते. वर्षानं ही सवय हाडात मुरवून घेतली होती.

आठ दिवसांनी तोच साकेत तिच्या गाळ्यात येऊन उभा राहिला. काचेच्या दारांचं नवीन शोरूम होणार होतं, बियाणं कंपनीचा मोठा साहेब नागपूरहून उद्घाटनाला येणार होता, आणि साकेतला समोरच्या भिंतीवर पऱ्हाटीचं फूल पाहिजे होतं. फ्लेक्स सगळेच लावतात हो ताई, मला ऑइल पेंटिंग पाहिजे, चार बाय पाच फूट, साहेबाचे डोळे दिपले पाहिजेत. वर्षाच्या हातात टर्पेंटाईनची बाटली होती. ती त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर ओतावी असं तिला इतकं मनापासून वाटलं की तिनं बाटली खाली ठेवून दिली.

ती काही कपटी बाई नाही. आधी तिनं सरळच मार्ग धरला, हे लक्षात ठेवायला पाहिजे. तिनं सांगितलं, सत्यभामा माझी आई. मला मजुरी नको, रंगाचा खर्चही नको. तिला लॉट नंबर टाकून पक्की पावती द्या, मी फूल काढून देते. साकेत हसला. अरे, ती मावशी तुमची आई? आधी सांगायचं ना. पण ताई, मागच्या तारखेची पावती आता कशी देऊ? कंपनीचे नियम असतात. आणि पिकाला काही झालंच नाही तर मावशीला तक्रार कशाची करायची आहे? तुम्ही शिकलेल्या आहात, त्यांना जरा समजावा.

समजावा म्हणे. वर्षानं दात आवळून कागद ओढला आणि कोळशानं फुलाचं कच्चं रेखाटन केलं. चांगल्या, उघडलेल्या फुलाचं, पाच पाकळ्या, मधला पिवळा दांडा. ते पाहून साकेतचं तोंड वाकडं झालं. हे तर भेंडीचं फूल वाटतं ताई, लोक हसतील. जरा क्लास पाहिजे, जरा नाजूक. बोलता बोलता त्याचं लक्ष टेबलावर गेलं. तिथे स्टीलचा डबा होता. त्या सकाळी आईनं तोडलेल्या डोमकळ्या वर्षानं त्यात आणल्या होत्या, कृषी कार्यालयात दाखवून पाहू म्हणून. साकेतनं झाकण उघडलं, त्यातली सगळ्यात मोठी कळी देठाला धरून वर उचलली आणि उजेडात फिरवली.

"ही काढा ना. ही बघा किती सुंदर आहे, गुलाबासारखी. हीच पाहिजे मला."

वर्षाच्या ओठावर आलं होतं. खरंच आलं होतं, अरे लेका, ही डोमकळी आहे, असं. पण त्याच क्षणी तिला आई आठवली, पदरात कळ्या परत बांधणारी, आणि ओठावर आलेलं तिनं गिळलं. आठ दिवसांत दुसऱ्यांदा या माणसानं डोमकळी हातात घेऊन पाहिली होती. तिनं फक्त विचारलं, हीच का? तो म्हणाला, हीच, अगदी अशीच, काही बदलू नका. मग तिनं आपली ऑर्डरची वही पुढे सरकवली. प्रत्येक गिऱ्हाइकाकडून ती लिहून घेतेच, नंतर कटकट नको म्हणून. साकेतनं ऐटीत लिहिलं, 'डब्यातली कळी, जशी आहे तशी, मोठी करून', आणि खाली सही केली. तिच्या आईला तीन खेपांत जे लिहून मिळालं नव्हतं, ते या माणसाला कळीसाठी लिहायला अर्धं मिनिट लागलं.

दुसऱ्या दिवसापासून वर्षा चिडून चित्र काढू लागली. लोकांना वाटतं चित्र शांतपणे काढायचं असतं. तसं काही नाही. राग डोक्यात असला आणि हातात नसला म्हणजे झालं.

रोज सकाळी ती आईकडून ताजी डोमकळी घ्यायची, कारण कालची दुपारपर्यंत मान टाकते. पहिल्या दिवशी तिनं एक कळी ब्लेडनं उभी चिरली. आत अळी होती, बोटाच्या पेराहून लहान, गुलाबी पट्ट्यांची, काळ्या डोक्याची, पराग खाऊन तिथेच घाण करून बसलेली. वर्षानं पूनमसिंगचं ऐकलं. कॅनव्हासच्या मधोमध तिनं आधी ती अळीच रंगवली, हाताच्या तळव्याएवढी मोठी, एकेक गुलाबी पट्टा वेगळा, डोक्याचा काळा चकचकीत ठिपका, भोवती कुरतडलेला पराग. तो थर तिनं पातळ ठेवला आणि पंख्यापुढे चांगला वाळू दिला. मग पाचव्या दिवसापासून वरून पाकळ्या चढवायला सुरुवात केली. जवसाच्या तेलात कालवलेला जाड रंग, पांढऱ्यात किंचित पिवळा, कडेला गुलाबीची झाक. सुरीनं ओढून तिनं पाकळ्यांना पीळ दिला, टोकाशी आवळलं, आणि बारीक ब्रशनं तो शिवल्याचा धागाही काढला. एक रेघ खोटी काढली नाही. अळी पाकळ्यांखाली गेली आणि दिसेनाशी झाली.

इकडे शेतात कळ्या डब्यात मावेनाशा झाल्या. सत्यभामा घमेल्यात गोळा करू लागली. बांधावर रोज जाळ व्हायचा आणि ओल्या कळ्यांचा धूर डोळ्यांत जायचा. तिच्या बोटांना रसाचे काळे डाग पडले होते ते राखेनं घासूनही निघत नव्हते. कृषी कार्यालयात वर्षा दोनदा जाऊन आली. तिथला बाबू डबा पाहून म्हणाला, डोमकळीच आहे ताई, आम्हाला कळते, पण लॉट नंबराशिवाय मी काय लिहू? त्याच्यावरही ती चिडली, मग बाहेर येऊन स्वतःवर चिडली, कारण त्या माणसाची काही चूक नव्हती.

शेजारच्या शेतातले डोमाजीकाका एके दिवशी गाळ्यात टेकले. त्यांच्याही पाच एकरांत तेच बियाणं होतं, त्यांच्याकडेही तशीच कच्ची पावती होती. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की गावात झडत्या म्हणतात, टोमणे मारणारी ती कवनं, आणि त्यात डोमाजीकाकांचा हात कोणी धरत नाही. सरपंचसुद्धा त्यांना वचकून असतो. त्यांनी कॅनव्हासकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"पोरी, हे कोनासाठी करून राह्यली तू?"

साकेतभाऊसाठी, त्यानंच निवडली, असं वर्षानं सांगितलं आणि वहीतली सही दाखवली. डोमाजीकाकांनी वही मिटून टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाले की कंपनीच्या साहेबासमोर हे भिंतीवर लागलं तर तो पोरगा तोंड दाखवायच्या लायकीचा राहणार नाही. तुला पटते का हे? वर्षानं ब्रश खाली ठेवला. तिला पटत नव्हतं असं नाही, आणि पूर्ण पटत होतं असंही नाही. त्या संध्याकाळी ती एकटी बसून राहिली. वरच्या थरावर चांगलं उघडं फूल चढवायचं म्हटलं तर अजून वेळ होता. भेंडीसारखं दिसलं तर दिसलं. पण मग तिनं मनात तो प्रश्न उलटा करून पाहिला. माझ्या आईला दहा माणसांसमोर खोटं पाडलं तेव्हा त्याला कोणी विचारलं होतं का, तुला हे पटते का म्हणून? सकाळी तिनं धाग्यावर आणखी एक हात फिरवला आणि चित्र पुरं केलं.

चित्र पोचवताना तिनं साकेतला बजावलं की वरचा रंग जाड आहे, हवा दमट आहे, महिनाभर ओलाच राहील, कोणी हात लावू नका. साकेतनं चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. वा ताई, वा. हात लावावासा वाटतो. उद्घाटनाला मावशीला पण घेऊन या, राग नको.

पोळ्याच्या आधीच्या शुक्रवारी उद्घाटन झालं. गावागावांतून शेतकरी बोलावले होते, मसालेभात आणि बुंदीचा बेत होता. समोर खुर्च्यांवर व्यापारी आणि साहेब, मागे उभी माणसं. डोमाजीकाकांनी आपल्या आणि शेजारच्या गावातून तीस-चाळीस जण आणले होते, आणि प्रत्येकाला सांगितलं होतं की कच्ची पावती खिशात ठेवा. का, ते सांगितलं नव्हतं. सत्यभामा धुतलेलं लुगडं नेसून वर्षाजवळ उभी होती. तिनं चित्र अजून पाहिलेलं नव्हतं. पोरगी रोज कळी नेते ती सरकारी हापिसात दाखवायला, एवढंच तिला माहीत होतं. या दुकानात यायला ती तयारच नव्हती. वर्षानं एकदाच ये म्हणून हातापाया पडून आणली होती.

साकेतनं भाषण केलं. शेतकरी हा आमचा राजा, या वाणानं यंदा तालुक्यात चमत्कार केला आहे, वगैरे. मग साहेबाच्या हातात दोरी दिली. पडदा बाजूला झाला. खुर्च्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबानंही दोन वाजवल्या आणि तिसऱ्या टाळीला त्याचे हात हवेतच थांबले. मागच्या माणसांतून एकही टाळी आली नाही. चाळीस-पन्नास शेतकरी त्या भिंतीकडे पाहत होते. साकेत मात्र हसतच होता.

डोमाजीकाकांनी शांतपणे विचारलं, "साकेतभाऊ, हे कोनतं फूल होय?"

पऱ्हाटीचं काका, साकेत म्हणाला, तुमच्याच शेतातलं.

"माह्याच शेतातलं हाय, हे खरं बोलला तू," डोमाजीकाका म्हणाले. कोणीतरी मागून फिस्सकन हसलं, आणि हे कोणी निवडलं, असं विचारत साहेब साकेतच्या कानाशी लागला. साकेतचं हसू तेव्हा जरासं उतरलं, पण त्याला अजून काही उमगलेलं नव्हतं.

वर्षाचं या सगळ्याकडे लक्ष होतं, त्यामुळे आई शेजारून कधी निघाली ते तिला कळलं नाही. तिनं पाहिलं तेव्हा सत्यभामा खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं चालत पुढे पोचली होती. ती रागात दिसत नव्हती. महिनाभर रोज पहाटे जे तिच्या नजरेनं केलं आणि हातानं केलं, तेच होत होतं. डोळ्यांना डोमकळी दिसली होती आणि हात आपोआप वर गेला होता. चित्रासमोर उभं राहून तिनं अंगठा आणि दोन बोटं त्या आवळलेल्या टोकाला लावली, पीळ दिला आणि मधोमधपर्यंत खाली ओढली.

ओला रंग तिच्या बोटांसोबत निघून आला. वरच्या दोन पाकळ्या सरकल्या, खरवडल्या गेल्या, आणि खाली वाळलेल्या थरातली अळी उघडी पडली. गुलाबी पट्टे, काळं डोकं, कुरतडलेला पराग. जशी वर्षानं पहिल्या दिवशी काढली होती तशीच, एक रेघ न पुसता.

सत्यभामा एक पाऊल मागे सरली. तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं, अळीकडे पाहिलं, मग वळून गर्दीत उभ्या पोरीकडे पाहिलं. तिला सगळं त्या एका नजरेत कळलं. मग ती साकेतकडे वळली आणि तो आवाज आला जो दोन शेतांवर जातो.

"आता दिसली?"

साकेतनं एकदा अळीकडे पाहिलं. मग तो वर्षावर धावून आला. तुम्ही मला फसवलं, तुम्ही मुद्दाम केलं, माझ्या दुकानाची बदनामी केली, मी केस करीन. वर्षाला वाटलं होतं की या घटकेला आपण त्याला शिव्या हासडू, वीस दिवसांच्या साठवलेल्या. पण तिनं पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि त्याच्यासमोर धरलं. 'डब्यातली कळी, जशी आहे तशी, मोठी करून.' खाली त्याची सही. जवळच्या दोघांनी ते मोठ्यानं वाचलं. डोमाजीकाका म्हणाले, यंदाची झडती जुळवायले मले मेहनत पडत नाही बाप्पा.

सत्यभामा अजून हात पुढे करून उभी होती, बोटांना पिवळसर गुलाबी रंग माखलेला. तिनं दुसरं काही मागितलं नाही. "पावती लिही," ती म्हणाली. "लॉट नंबर टाक."

तेवढ्यात साहेब पुढे आला आणि साकेतला हळू आवाजात म्हणाला की लिहून द्या. त्याला दया आली होती असं कोणी समजू नये. एव्हाना वीस-पंचवीस मोबाईल वर झाले होते आणि चित्रातल्या अळीच्या बरोबर वर कंपनीचा बोर्ड होता. साकेत टेबलामागे गेला. त्यानं कॉम्प्युटरवर चार कळा दाबल्या. लॉट नंबर तिथेच होता. बियाणं विकलं त्या दिवसापासून तिथेच होता, तारखेसकट, नावासकट. आईनं तीन खेपा घातल्या, पोरीनं बारा दिवस रंग घोटला, आणि तो नंबर बाहेर यायला दोन मिनिटंही लागली नाहीत. हे पाहून वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं ते संतापाचं होतं, आनंदाचं अजिबात नव्हतं.

पावती छापून आली. सत्यभामेनं ती घेतली तशी कागदाच्या कडेला तिच्या अंगठ्याचा गुलाबी ठसा उठला. साकेत दुसरी छापून देतो म्हणाला. ती म्हणाली, राहू दे, हीच पाहिजे. तिच्यामागे डोमाजीकाकांनी आपली कच्ची पावती टेबलावर ठेवली. मग त्यांच्यामागच्यानं. मसालेभात निवत होता आणि रांग काचेच्या दाराबाहेर गेली होती.

बाहेर रस्त्यावर आल्यावर सत्यभामा पहिल्यांदा पोरीवर चिडली. आधी सांगतलं काहून नाही? एवढं मोठं काम माह्या हातानं नासलं, बारा दिवसांचं. वर्षा म्हणाली, नाही नासलं व आई. पण आई ऐकायला तयार नव्हती. चालता चालता ती बोटं एकमेकांवर घासून पाहत होती आणि रंग आणखीच पसरत होता.

"हे कायनं निघते?"

"रॉकेलनं. नाही तं टर्पेंटाईन हाय गाळ्यात. चल, पुसून देतो."

सत्यभामेनं हात लुगड्याला लागू नये म्हणून अंगापासून दूर धरला आणि गाळ्याकडे जाणारं वळण सोडून ती सरळ चालत राहिली.

"मंग पुसजो," ती म्हणाली. "आधी हापिसात जाऊ. त्या बाबूले हात बी दाखवाचा हाय."